गव्हाच्या दाण्यांत दडलेला ६४१

बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाची गोष्ट मी गणितरंजनाच्या कितीतरी पुस्तकांत वाचली आणि वर्गात वर्षानुवर्षे सांगितली. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. चौसष्टाव्या घरापर्यंत राजाची कोठारे रिती. मग फळ्यावर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ आणि पुढे उद्गारचिन्ह. एकदा एका मुलीने विचारले, ‘‘सर, शेवटी ५ आहे, म्हणजे पाचाने भाग जातो. आणखी कशाने?’’ मला उत्तर देता आले नाही. माझा आक्षेप त्या दिवसापासूनचा आहे: ही गोष्ट संख्येचा आकार सांगते, स्वभाव सांगत नाही.

तेराव्या शतकातील इब्न खल्लिकान या चरित्रकाराच्या अरबी ग्रंथात ही गोष्ट हिंदी राजा आणि सिस्सा यांच्या नावावर आहे. पुढे एद्वार ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये ‘हनोईचा मनोरा’ हा खेळ काढला. त्याच्याभोवती काशीच्या देवळाची कथा पसरली: सोन्याच्या चौसष्ट चकत्या नियमाने एका खांबावरून दुसऱ्यावर गेल्या की जगाचा अंत. लागणाऱ्या चाली तेवढ्याच, एका दाण्याचाही फरक नाही. दोन्ही कथांत भारत हा देखावा आणि संख्या हा धाक. ल्युकाच्या बाबतीत हे अधिक खटकते, कारण एक ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे त्याने १८७६ मध्येच दाखवले होते. संख्येच्या पोटात शिरणे हा तर त्याचा धंदा.

खरे तर त्या मुलीचे उत्तर पटावरच मांडलेले आहे. पट मधोमध विभागा. पहिल्या ३२ घरांत मिळून ४,२९,४९,६७,२९५ दाणे. दुसऱ्या अर्ध्यातले प्रत्येक घर पहिल्यातल्या आपल्या जोडीदाराच्या ४,२९,४९,६७,२९६ पट. म्हणून एकूण दाणे म्हणजे पहिला अर्धा गुणिले ४,२९,४९,६७,२९७. आता पहिला अर्धा पुन्हा तसाच विभागा, मग त्याचा अर्धा. एकामागून एक ६५,५३७, २५७, १७, ५ आणि ३ हे अवयव हाती येतात. हे सगळे मूळ.

उरला तो सर्वांत मोठा, ४,२९,४९,६७,२९७. तोही मूळ असावा असे फर्माला वाटत होते. ऑयलरने १७३२ मध्ये त्याचे दोन तुकडे दाखवले: ६४१ आणि ६७,००,४१७. आज याची सुंदर सिद्धता देता येते. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १. आणि तेच ६२५ अधिक १६, म्हणजे ५ आणि २ यांच्या चौथ्या घातांची बेरीज. ही दोन रूपे एकमेकांशी जुळवली की लांबलचक भागाकार न मांडताच भाग जातो हे कळते. (हे मला निवृत्तीनंतर कळले.)

म्हणजे त्या ढिगाचे सात वेगवेगळे मूळ अवयव, आणि त्याला नि:शेष भागणाऱ्या संख्या १२८, पटावरच्या घरांच्या बरोबर दुप्पट. राजाने शब्द पाळला असता आणि सिस्साला ६४१ वारस असते, तर वाटणी दाण्यादाण्यापर्यंत समान झाली असती. सात मुलगे असते तर मात्र एक दाणा उरला असता.