घाण कुणाची?

'घाणेरडे डुक्कर' ही शिवी आपल्या भाषेत इतकी रुळली आहे की, तिची तपासणी करावी असे समीक्षेला वाटले नाही. मी साहित्य शिकवतो. पण या शिवीची समीक्षा करायला मला पशुशास्त्राकडे जावे लागले.

अंग थंड ठेवण्यापुरता घाम डुकराला येत नाही. मोठ्या डुकराला साधारण १८ ते २२ अंश तापमान मानवते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. मग ते धापा टाकते, ओलावा शोधते. अंगावरचा चिखल सावकाश सुकतो, म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा त्याचा गारवा जास्त टिकतो. पुरेशी जागा आणि गारवा मिळाला तर हेच जनावर झोपायची जागा स्वच्छ ठेवते, विष्ठेसाठी दुसरा कोपरा धरते. ठेंगण्या, तापलेल्या पत्र्याखाली दाटीने कोंडले की ते ओली जागा म्हणून विष्ठेतच पडते. तेव्हा दोष छपराचा असतो.

उपाय ठाऊक आहेत : पूर्व-पश्चिम लांबीची शेड, उंच छप्पर, उघड्या बाजू, माथ्यावर गरम हवेला वाट, पत्र्यावर गवत, थांबून थांबून पाण्याचा फवारा. व्यालेल्या मादीला गारवा हवा, तर नवजात पिलांना ३२ अंशांच्या आसपास ऊब. म्हणून पिलांचा कोपरा वेगळा.

शासकीय भाषेत याला 'वराहपालन' म्हणतात. संस्कृत शब्दाने जनावर शुद्ध झाले. पाळणारा आहे तिथेच राहिला. कारण हा आराखडा जमीन आणि पाणी गृहीत धरतो, आणि गावकुसाबाहेर नेमकी त्यांचीच वानवा. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'वर (२०१३) लिहिताना आपण जब्याच्या दगडापाशी थांबलो. त्या गावाला डुकरे नकोत, पण ती धरायला कैकाड्याचेच घर हवे. डुकरांना निवारा का नाही, हा प्रश्न म्हणजे त्या घराला जमीन का नाही, हाच प्रश्न आहे.

माणूस आणि जनावर यांची बरोबरी मी करीत नाही. ती वर्णव्यवस्थेने केली. मी आरोपाची रचना दाखवतो आहे : आधी सोय काढून घ्यायची, मग गैरसोयीलाच स्वभाव म्हणायचे. माणसांचे पाणी तोडून त्यांनाच मळके ठरवणाऱ्यांना बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर उत्तर दिले. पशुपालनाच्या योजना वाचतानाही कार्यकर्त्यांनी तोच प्रश्न विचारावा : पाणी कुणाच्या हातात आहे, आणि शेडखालची जमीन कुणाच्या नावावर?