कवळीचं मऊ अस्तर : टिकाऊ कुणाच्या हिशेबानं?

कवळीच्या मऊ अस्तरावर, म्हणजे सॉफ्ट लायनरवर, संशोधन भरपूर होतं. माझी तक्रार आहे ती टिकाऊपणा मोजण्याच्या पद्धतीबद्दल.

आधी अस्तर लागतं कशाला? दात जाऊन वर्षं उलटली की खालच्या जबड्याचं हाड झिजतं. कधी त्याला सुरीसारखी धारच येते. त्यावर कडक ॲक्रिलिक बसलं की चावताना हिरडी चेंगरते. अस्तर तो दाब गादीसारखा झेलतं.

यात मुख्य जाती दोन. ॲक्रिलिकचं अस्तर प्लास्टिसायझरमुळे मऊ असतं. हा प्लास्टिसायझर लाळेत हळूहळू निघून जातो आणि गादी कडक होते. वरून सीलर लावला तर हे लांबतं, एवढंच. सिलिकॉन जास्त काळ मऊ राहतं, पण कवळीच्या ॲक्रिलिकशी त्याचं रासायनिक नातं नाही. प्रायमरनं चिकटवावं लागतं, तरी कडेनं सुटतं आणि फटीत कॅन्डिडा बुरशी घर करते.

मग पृष्ठभाग वाळूच्या माऱ्यानं खरबरीत करून बघतात. काही चाचण्यांत जोड बळकट झाला, काहींत उलट कमजोर! यंत्रात ओढून ०.४४ मेगापास्कल ताण सोसला की जोड पुरेसा, असं बहुतेक लेखांत धरलेलं असतं. आणि नमुना कुठं ठेवलेला? स्वच्छ पाण्यात, फार तर ५ आणि ५५ अंशांच्या आलटून-पालटून फेऱ्यांत.

आता परंड्याची किंवा लोहाऱ्याची आजी घ्या. ज्वारीची भाकरी, ठेचा, चहा, पुष्कळदा मिश्रीसुद्धा. राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या यादीत २०१७पासून कवळी आहे, हे चांगलंच. पण अस्तराला दर काही महिन्यांनी तपासणी लागते. त्यासाठी गाडीभाडं आणि कुणाची तरी बुडालेली मजुरी लागते. हा खर्च ओढून बघणाऱ्या यंत्राला कळत नाही. दुखायला लागलं की आजी कवळी डबीत ठेवते आणि भाकरी दुधात कुस्करून खाते. अस्तर शाबूत, आणि उपयोग शून्य. याला टिकाऊ म्हणायचं का?

माझ्या मते वारंवार येऊ न शकणाऱ्या माणसाला प्रयोगशाळेत उष्णतेनं पक्कं केलेलं सिलिकॉनच द्यावं, आणि ब्लीचच्या पाण्यात भिजत ठेवू नका हे घरच्यांना नीट समजवावं. मात्र इथंही एक गोम आहे. गादी काम करायला साधारण २ ते ३ मिलिमीटर जाडी हवी, आणि तेवढी कवळी आतून खरवडावी लागते. मग ती पातळ कवळीच मधून मोडते, आणि ते अपयश अस्तराच्या खात्यावर बहुधा कुणी लिहीत नाही.