यांत्रिक मधमाशी आणि ‘भाषा’ ही संज्ञा

मधमाशीच्या नृत्याचा अर्थ कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडला. उभ्या पोळ्यावर माशी शरीर थरथरवीत सरळ धावते. त्या धावेचा उभ्या रेषेशी होणारा कोन अन्नाची सूर्यसापेक्ष दिशा दाखवितो, धावेचा काळ अंतर सुचवितो. १९८९ मध्ये ॲक्सेल मिशेलसेन व त्यांचे सहकारी यांनी मेणाने मढविलेली पितळी माशी पोळ्यात नाचविली, आणि काही जिवंत माश्या तिने दर्शविलेल्या दिशेस गेल्या. यावरून यंत्र माश्यांची भाषा ‘बोलते’ असे म्हणणे कितपत सयुक्तिक आहे?

एमिल बेनवेनिस्त यांनी १९५२ मध्येच या नृत्यास भाषा म्हणण्यास हरकत घेतली होती. नृत्याला नृत्याने उत्तर मिळत नाही. आणि जिने स्थळ स्वतः पाहिले नाही, ती माशी तो संदेश पुढे सांगत नाही. पितळी माशीने तर काहीच पाहिले नव्हते. तथापि तिच्यामुळे हा आक्षेप ढळत नाही. संदेश संशोधकाचा होता. प्रत्युत्तराची उणीव कायमच राहिली.

प्रयोगाचे खरे फलित निराळे आहे. स्वनिमविचारात एकच घटक बदलून अर्थभेद पाहतात, तद्वत येथे नृत्याचे घटक वेगळे करता आले. थरथरीची धाव आणि नृत्याकृतीची एकंदर दिशा यांत विरोध उत्पन्न केला असता माश्यांनी धावच प्रमाण मानली. जिवंत माशीकडून अशी फोड करवून घेणे अशक्यप्राय होते. सारांश, यंत्राने चिन्हाची घटना उलगडली. संवाद मात्र साधला नाही. वर्तन वळविणे म्हणजे बोलणे नव्हे.