कुंपण कुणी घालायचं?

मंडळी, विचारस्वातंत्र्यावर बोलायला उभं राहिलं की एक वाक्य हमखास येतं : ‘स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे.’ आपण सगळे माना डोलावतो. आज त्या वाक्याचीच जरा झडती घेऊ. ते चूक नाही, पण फार सोयीचं आहे. स्वैराचार कुठे सुरू होतो आणि ते कुणी ठरवायचं, हे त्यात येतच नाही.

र. धों. कर्व्यांचं उदाहरण घ्या. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. संततिनियमन, लैंगिक आरोग्य यांवर उघडपणे लिहिलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरं हाच गुन्हा ठरला. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. तरी खटला हरले, दंड झाला. त्या वेळच्या सभ्य माणसांना हा स्वैराचारच वाटत होता, बरं का! पुढे १९५२ मध्ये सरकारनेच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला.

आता कुणी विचारेल, मग मर्यादा नकोतच का? हव्यात. मनातल्या विचाराला कुंपण घालता येत नाही. प्रश्न तो बोलण्याचा, छापण्याचा आहे. जमावापुढे उभं राहून ‘ते घर पेटवा’ म्हणणं हा नुसता विचार उरत नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये निर्बंधांची कारणं मोजून दिली आहेत : सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. शिवाय निर्बंध ‘वाजवी’ हवा आणि तो कायद्याने घातलेला हवा. ‘आमच्या भावना दुखावल्या’ हे कारण त्या यादीत नाही. पण सभ्यता आणि नीतिमत्ता ही कारणं आहेत. म्हणजे कर्व्यांना ज्या शब्दांनी अडवलं, ते शब्द आजही तिथेच आहेत. म्हणून कायद्याने आखलेली रेषा बरोबरच असते, असं आम्ही म्हणत नाही.

आमच्यासारख्यांनी आणखी एक कबुली द्यायला हवी. आपल्या लेखकाचं पुस्तक अडवलं की आम्हाला स्वातंत्र्य आठवतं. नावडत्या माणसाचं भाषण बंद पाडलं की आम्हीही हळूच म्हणतो, ‘बरं झालं, फारच बोलत होता.’ खरी परीक्षा तिथे होते, आणि त्या परीक्षेत आपण बहुतेक जण नापास होतो.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच : कृतीला मर्यादा असावी, चिथावणीला असावी. पण ती मर्यादा योग्य आहे का, हे विचारण्याला मर्यादा नसावी. रेषा चुकू शकते, १९३४ मध्ये ती चुकली होती. ती चुकली हे मोठ्याने म्हणता आलं, तरच ती पुसून पुन्हा आखता येते.