दोन काचा, एक कडा

१० एप्रिल १९२७ रोजी अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स याने कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यात ‘हाफ डोम’ या कड्याची दोन छायाचित्रे लागोपाठ घेतली. जागा तीच, कडा तोच. भेद एवढाच, की पहिल्या काचेच्या वेळी भिंगापुढे पिवळा फिल्टर होता, दुसऱ्या वेळी गडद तांबडा. पिवळ्याने आकाश करडे राहिले. तांबड्याने निळा प्रकाश जवळजवळ अडवला. आकाश काळेभोर झाले, छाया गडदावल्या आणि कडा त्यांतून उसळून वर आला.

अ‍ॅडम्सने दुसरे चित्र पसंत केले. ‘मोनोलिथ’ या नावाने तेच विख्यात झाले. यावर आक्षेप संभवतो, की दिवसाचे आकाश काळे नसते. सबब पहिली काचच वास्तवाशी अधिक इमानी. परंतु ते करडे तरी कोठे असते? कृष्णधवल चित्रात निळ्याचे रूपांतर अटळच आहे. म्हणजे निवड सत्य व असत्य यांत नसून दोन रूपांतरांत आहे. आणि तेथे कसोटी एकच: कड्यापुढे जाणवलेले दडपण कोणत्या रूपात टिकते? अनुवादकालाही शब्दाशब्दाला हीच कसोटी लावावी लागते.

तथापि पहिली काच टाकाऊ ठरत नाही. पाठभेद जपणारा संपादक जाणतो, की नाकारलेला पाठ शेजारी असला म्हणजेच स्वीकारलेल्या पाठामागील विवेक उमगतो. केवळ ‘मोनोलिथ’ पाहणारा कड्याने भारावतो; दोन्ही चित्रे पाहणाऱ्याला कलावंत दिसतो.