पदवी पातळीवरील संशोधन आणि हिस्पॅनिक विद्यार्थी : मार्गदर्शनाच्या कल्पनेची चिकित्सा

अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या चर्चेत ‘मार्गदर्शक’ हा शब्द गेल्या काही दशकांत फार सढळपणे वापरला गेला आहे. हिस्पॅनिक समाजातील विद्यार्थी विज्ञान शाखेत प्रवेश घेतात. परंतु संशोधनाच्या पायरीपर्यंत त्यांची संख्या रोडावत जाते. यावर उपाय म्हणून प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष कामाची संधी आणि ज्येष्ठ संशोधकाचे मार्गदर्शन यांची शिफारस केली जाते. शिफारस योग्यच आहे. मात्र ही संधी कोणाच्या वाट्याला येते आणि मार्गदर्शन या नावाखाली प्रत्यक्षात काय घडते, या दोन प्रश्नांना बगल दिली की तिचे रूपांतर एका सोयीस्कर सद्भावनेत होते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने १९८७ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन-अनुभवाची योजना सुरू केली. उन्हाळ्यात सुमारे दहा आठवडे, बहुधा दुसऱ्या विद्यापीठात राहून, विद्यावेतनासह संशोधन करावयाचे, असे तिचे सर्वपरिचित रूप आहे. विद्यावेतनाची तरतूद महत्त्वाची खरी. पण ज्या विद्यार्थ्याच्या नोकरीवर घरखर्चाचा काही भाग चालतो किंवा ज्याच्यावर धाकट्या भावंडांची जबाबदारी असते, त्याला दहा आठवडे घर सोडणे तेवढ्याने शक्य होत नाही. शिवाय योजना नागरिक व कायम रहिवाशांपुरती मर्यादित असल्याने स्थलांतरित कुटुंबांतील काही मुले दारातच अडतात. निवडीत गुणपत्रिका आणि शिफारसपत्र यांना वजन असते. शिफारसपत्र मिळवण्यासाठी प्राध्यापकाशी आधी ओळख हवी आणि प्राध्यापकाच्या खोलीत जाऊन ‘मला तुमच्या प्रयोगशाळेत काम करावयाचे आहे’ असे म्हणता येते, हे ठाऊक हवे. घरातील पहिल्याच पदवीधराला हे कोण सांगणार? गीता बंगेरा आणि सारा ब्राउनेल यांनी २०१४ मधील लेखात नेमक्या या अलिखित संकेतांकडे लक्ष वेधले आणि संशोधन हे निवडक इंटर्नशिपमध्ये न ठेवता नियमित अभ्यासक्रमातच आणावे, असे प्रतिपादन केले. गाळणीतून निवडलेल्या विद्यार्थ्यांचे पुढील यश योजनेच्या खात्यावर जमा करणाऱ्या अहवालांकडे या दृष्टीने सावधपणे पाहावे लागते.

मार्गदर्शनाचा अधिक गंभीर विचार एल पासो येथे झालेला दिसतो. रिओ ग्रांदे नदीकाठच्या या शहरातील टेक्सास विद्यापीठात चार-पंचमांशाहून अधिक विद्यार्थी हिस्पॅनिक आहेत. अनेकजण घरी राहून, नोकरी सांभाळून शिकतात. तेथील संगणकशास्त्राच्या प्राध्यापिका ॲन गेट्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात संशोधनगटांचे एक प्रारूप विकसित केले. त्याचे वैशिष्ट्य असे की, संशोधनगटात वावरण्याची रीत विद्यार्थ्याला आधीच अवगत आहे, असे ते गृहीत धरत नाही. नव्या सदस्यांसाठी उद्बोधनवर्ग असतो. शोधनिबंध कसा वाचावा, गटापुढे काम कसे मांडावे, सहकाऱ्याच्या कामावर टीका कशी करावी आणि आपल्यावरील टीका कशी ऐकावी, ही कौशल्ये जाणीवपूर्वक शिकवली जातात. प्रत्येकाचे काम गटाच्या कामाशी असे जोडलेले असते की, एकाचे अडले तर सर्वांचे अडते. केवळ अव्वल गुणांच्या विद्यार्थ्यांपुरते हे गट मर्यादित नसतात, ही बाब विशेष महत्त्वाची. २००६ मध्ये स्थापन झालेल्या हिस्पॅनिक-सेवी संस्थांच्या संगणन-आघाडीने हे प्रारूप इतरत्रही नेले. येथे मार्गदर्शन हा एखाद्या प्राध्यापकाच्या स्वभावाचा चांगुलपणा न राहता गटाच्या कार्यपद्धतीचा भाग बनतो. अर्थात त्यासाठी प्राध्यापकाचा पुष्कळ वेळ खर्ची पडतो, आणि पदोन्नतीच्या हिशेबात या वेळेपेक्षा प्रकाशित निबंधांनाच अधिक मोल असते. प्रारूपाचे गोडवे गाणारे या अडचणीवर फारसे थांबत नाहीत.

मिका एस्ट्राडा आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधील अभ्यासाने या चर्चेला वेगळे वळण दिले. अल्पसंख्याक विद्यार्थी विज्ञानात टिकतील की नाही, हे ‘मला प्रयोग जमतो’ या आत्मविश्वासापेक्षा स्वतःला वैज्ञानिक मानण्यावर आणि विज्ञानाची मूल्ये आपली वाटण्यावर अधिक अवलंबून असल्याचे त्यात आढळले. निष्कर्ष मोलाचा आहे. पण त्याचा वापर करताना एक घसरण होते. ओळख विद्यार्थ्यानेच घडवावयाची, असा अर्थ लावला की संस्था मोकळी होते. ज्याला वर्षभर केवळ भांडी धुण्याचे आणि नोंदी उतरवण्याचे काम दिले जाते, त्याने स्वतःला वैज्ञानिक कशाच्या आधारावर मानावे?

संस्थेची जबाबदारी मोजण्याचे अधिकृत माप तर याहून स्थूल आहे. १९९२ मध्ये कायद्याने मान्य केलेल्या ‘हिस्पॅनिक-सेवी संस्था’ या वर्गासाठी पदवीच्या विद्यार्थ्यांत किमान २५ टक्के हिस्पॅनिक असणे ही मुख्य अट ठरली. ‘सेवा’ म्हणजे केवळ पटसंख्या नव्हे, ही जीना ॲन गार्सिया यांच्या लेखनातील भूमिका म्हणूनच रास्त वाटते. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने हा निकष वांशिक कोट्यासारखा ठरवून अशा संस्थांचे विवेकाधीन अनुदान थांबवत असल्याचे जाहीर केले. आक्षेप पटसंख्येवर होता. परंतु ते अनुदान संस्थेला मिळते आणि त्यातून उभ्या राहिलेल्या सोयी कोणत्याही वंशाचा विद्यार्थी वापरतो, हे त्या युक्तिवादात झाकले गेले. असे अनुदान आटले की पहिली कात्री बहुधा विद्यावेतनाला लागते. आणि विद्यावेतन गेले की संध्याकाळी दुकानात काम करणारा विद्यार्थी प्रयोगशाळेऐवजी दुकानच निवडतो.