कान, अक्षर आणि पहिले पुस्तक

मराठी बालसाहित्याच्या समीक्षेने अनेक प्रश्न हाताळले आहेत. संस्कार आणि मनोरंजन यांचे प्रमाण काय असावे, परीकथा हव्यात की वास्तव, बालकवितेत नादाला किती वाव द्यावा, यांवर पुष्कळ लिहिले गेले. मात्र हे सर्व विवेचन ज्याला वाचता येते अशा मुलाला गृहीत धरून चालते. जे मूल अक्षराला अक्षर जोडत अजून वाचायला शिकत आहे, त्याच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, हा प्रश्न शिक्षणशास्त्राचा म्हणून बाजूला ठेवला जातो. वस्तुतः तो साहित्यविचाराचाच प्रश्न आहे. कारण वाक्य जिवंत आहे की केवळ सरावासाठी जुळवलेले आहे, याचा निर्णय तेथे करावा लागतो.

पुण्यात किंवा कोल्हापुरात ही उणीव जाणवत नाही. तेथे निवड चुकली तरी रस्त्यावरची पाटी, शेजारची हाक आणि वर्गातील गोंगाट मुलाला सावरून घेतात. हा आधार जेथे नसतो तेथे पुस्तकाची खरी परीक्षा होते. छत्तीसगढमधील भिलाई येथील सेक्टर २ ही अशीच एक जागा आहे.

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांत आखलेली वसाहत वाढली आणि देशाच्या सर्व भागांतील कुटुंबे तेथे शेजारी झाली. सेक्टर २ मधील अय्यप्पा मंदिर या बहुभाषिक वस्तीची साक्ष देते. या शेजारात मराठी कुटुंबांचे स्थान थोडे वेगळे आहे. भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगढचा नागपूरशी संबंध होता आणि १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा व नागपूर एकाच प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्ग मध्य प्रदेशात राहिला. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले. म्हणजे ज्या भूभागात मराठी एके काळी कारभाराची भाषा होती, तेथेच ती आता घराच्या उंबरठ्याआतली भाषा झाली आहे.

या प्रदेशातील मराठी घरांनी हिंदीला मोठे लेखक दिले. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' सुरू केले. समर्थांचा 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' त्यांनीच हिंदीत नेले. भिलाईच्या पश्चिमेला असलेल्या राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून शिकवीत होते. ते हिंदीचे कवी झाले, तर त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी आणि समीक्षक. एकाच घरातून दोन भाषांच्या वाटा निघाल्या आणि दोन्ही वाटांवर मोठे साहित्य निर्माण झाले. तेव्हा भिलाईतील मराठी मूल हिंदी शाळेत हिंदी वाचायला शिकते यात शोक करण्यासारखे काही नाही. प्रश्न एवढाच की त्याच्यासाठी दुसरी वाट उघडी राहते की नाही.

येथे लिपीची एक फसवणूक आड येते. सेक्टर २ मधल्या मल्याळी, तेलुगू किंवा बंगाली घरातील मुलाला आपली भाषा वाचायची तर वेगळी लिपी शिकावी लागते. ती अडचण उघड असते, म्हणून पालक तिची तजवीज करतात. मराठी मुलाला देवनागरी शाळेतच मिळते. त्यामुळे हिंदी वाचता आले की मराठी आपोआप येईल, असे घरातले लोक धरून चालतात. सहा वर्षांचे मूल मराठी पान खरोखरच उच्चारूनही दाखवते. पण ते जे उच्चारते ते अनेकदा मराठी नसते.

मूल 'ज्ञानेश्वर' हे नाव 'ग्यानेश्वर' असे वाचते, 'कृष्णा' हे नाव 'क्रिष्णा' असे. 'पैसा' शब्दातील 'ऐ' हिंदीच्या वळणाने पसरट होतो. 'चार' आणि 'चाक' यांत अक्षर एकच असले तरी मराठीत उच्चार दोन आहेत. 'माझा' आणि 'माझी' यांतील 'झ' सारखा नाही. कोणतेही चिन्ह हा भेद दाखवीत नाही. 'ळ' तर हिंदीच्या वर्णमालेत त्याला भेटलेलाच नसतो. 'शिक्षा' शब्द शाळेत विद्येचा आणि घरी दंडाचा. 'चेष्टा' तिकडे प्रयत्न आणि इकडे थट्टा. सर्वांत मोठी अडचण शीर्षबिंदूची आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार मराठी छपाईतून काढले, परंतु 'घरं', 'त्याचं', 'सांगितलं' अशा बोलीच्या रूपांवरचा बिंदू राहिला. हिंदी शिकलेल्या डोळ्याला तो नाकातला स्वर किंवा 'न्'सारखा वाटतो. मराठी कानाला तो लांबवलेला 'अ' असतो.

या अडचणी शुद्धलेखनाच्या तक्त्याने सुटत नाहीत. ज्या मुलाने 'चाक' हा शब्द आजीच्या तोंडून ऐकला आहे, ते तो चुकीचा वाचते आणि पुढच्या क्षणी स्वतःच दुरुस्त करते, कारण कानातला शब्द डोळ्याच्या मदतीला येतो. ज्याने तो ऐकलेला नाही, त्याला दुरुस्तीचा आधारच नसतो. वाचन ही अक्षरे ओळखण्याची क्रिया आहेच. त्याहून अधिक ती ऐकलेल्या भाषेला पानावर पुन्हा भेटण्याची क्रिया आहे. पुण्यात हे सत्य झाकलेले राहते, भिलाईत ते उघडे पडते. म्हणून वाचायला शिकणाऱ्या मुलाचे पुस्तक निवडण्याची पहिली कसोटी अशी की त्यातली भाषा मुलाच्या कानात आधी वस्तीला आलेली असावी, किंवा पुस्तक वाचून दाखवताच ती सहज वस्तीला येण्याजोगी असावी.

या कसोटीवर प्रचलित पुस्तके तपासून पाहता येतील. महाराष्ट्राबाहेरील घरांत पहिली निवड बहुधा पाठ्यपुस्तकाची होते. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या 'बालभारती'ची पुस्तके स्वस्त, परिचित आणि अधिकृत असतात. ती वर्गासाठी रचलेली असतात हे मात्र विसरले जाते. त्यांतील धडा शिक्षक, फळा आणि सोबतचे चाळीस आवाज गृहीत धरतो. हे सारे वजा करून तोच धडा संध्याकाळी एका मुलापुढे ठेवला की पुस्तकाचा अभ्यास होतो आणि मराठी हा शाळेनंतरचा आणखी एक विषय बनतो. दोष पुस्तकाचा नाही, जागेचा आहे.

दुसरी निवड जोडाक्षरविरहित पुस्तकांची. हेतू सोयीचा असला तरी मराठीत या सोयीची किंमत मोठी आहे. हिंदीत 'उसने कहा' असे म्हणायला एकही जोडाक्षर लागत नाही. मराठीत 'त्याने', 'तिच्या', 'माझ्या', 'आमच्या' यांतील एकही शब्द जोडाक्षराशिवाय लिहिता येत नाही. इतकेच काय, 'म्हणाला' हाही लिहिता येत नाही. ज्या गोष्टीत कोणी काही म्हणू शकत नाही आणि कोणाचे काही असू शकत नाही, ती गोष्ट उरते कशी? उरतात ती काना-मात्रा मोजून जुळवलेली वाक्ये, जी कोणत्याही मराठी घरात कोणी कोणाला बोलत नाही. मूल 'म्हणाला' हा शब्द चार वर्षांचे असल्यापासून वापरत असते. त्याच्या ओठांवरचे जोडाक्षर डोळ्यांना अवघड म्हणून काढून टाकायचे आणि ओठांवर नसलेले सोपे शब्द समोर ठेवायचे, ही सोपेपणाची कल्पनाच तपासली पाहिजे. मोजके जोडाक्षरी शब्द पुन्हा पुन्हा, गोष्टीच्या ओघात आले तर मूल ते चित्रासारखे अखंड ओळखू लागते.

तिसरी निवड भावनेची असते. परप्रांतातील मराठी घर आपल्या मुलाला 'श्यामची आई' देऊ इच्छिते. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साने गुरुजींच्या या पुस्तकाचे मराठी मनातील स्थान वादातीत आहे. परंतु नवशिक्या वाचकाच्या हाती ते दिले की अनेकदा त्याच्यावर आणि मुलावर अन्याय होतो. पुस्तकाची रचनाच याचे उत्तर देते. त्याची प्रकरणे म्हणजे 'रात्री' आहेत. श्याम आपल्या सोबत्यांना दररोज रात्री आठवणी सांगतो आणि ते ऐकतात. अशा ४२ रात्रींचे हे पुस्तक मुळात ऐकण्याचे आहे. मोठ्यांनी ते वाचून दाखवावे, मुलाने शेजारी बसून ऐकावे. पुढे तीनचार वर्षांनी ते आपण होऊन त्याकडे वळेल तेव्हा त्यातले वाक्य त्याला परके वाटणार नाही. चांगले पुस्तक आणि आजचे पुस्तक यांत भेद करता येणे, हेही निवडीचे एक अंग आहे.

मराठी बालकवितेत या कसोटीला उतरणारा ऐवज आहे. विंदा करंदीकरांच्या 'राणीची बाग' (१९६१) आणि 'एटू लोकांचा देश' (१९६३) या संग्रहांत लय इतकी पक्की आहे की मुलाने शब्द चुकीचा उच्चारला तर ओळच अडखळते आणि त्याला चूक कळते. मोठ्या माणसाने टोकण्याची गरज पडत नाही. लय आणि यमक यांचा हा उपयोग समीक्षेने अलंकाराच्या सदरात टाकला. शिकणाऱ्या वाचकासाठी तो आधार आहे. 'ळ'चा उच्चार तक्त्यातून शिकवण्यापेक्षा यमकाच्या जागी आलेला 'ळ' अधिक लवकर जिभेवर बसतो.

गद्यात माधुरी पुरंदरे यांचे काम या संदर्भात महत्त्वाचे आहे. साहित्य अकादमीने २०१४ चा मराठीसाठीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना दिला. त्यांच्या 'राधाचं घर' या छोट्या पुस्तकांत एक लहान मुलगी आपल्या घरातल्या माणसांविषयी सांगते. विषय घराचा, वाक्ये बोलण्याची आणि तात्पर्याचे शेपूट नाही. लेखिका स्वतः चित्रकार असल्याने चित्र मजकुराची पुनरुक्ती करीत नाही. मजकुराने न सांगितलेले काही ते दाखवते आणि अक्षरांशी झगडून थकलेल्या मुलाला विसावा देते. गंमत अशी की कानाला इतके जवळचे असलेले हे पुस्तक हिंदीत वाचायला शिकलेल्या डोळ्याला पहिल्याच शब्दावर अडवते. 'राधाचं' वरचा शीर्षबिंदू तो चुकीचा वाचणार हे जवळजवळ ठरलेले. 'राधाचे घर' असे प्रमाण रूप अडथळ्याविना वाचता आले असते, पण ते घरातले राहिले नसते. असा पेच पडला तर कौल कानाला द्यावा. कोणी एकदा वाचून दाखवले की हा बिंदू मुलाला आयुष्यभर पुरतो. पुस्तकी वाक्याचा परकेपणा मात्र वाचून दाखवून जात नाही.

राष्ट्रीय पुस्तक न्यासाच्या 'नेहरू बाल पुस्तकालय' मालेत एकच गोष्ट, त्याच चित्रांसह, अनेक भारतीय भाषांत मिळते. शाळेत हिंदीत वाचलेली गोष्ट घरी मराठीत भेटली तर अर्थ आधीच ठाऊक असतो आणि सारे लक्ष भाषेकडे देता येते. भिलाईसारख्या ठिकाणी हा मोठाच लाभ आहे. परंतु अनुवादित पुस्तक निवडताना ते मोठ्याने वाचून पाहणे अगत्याचे ठरते. मराठी क्रियापदे वापरून बेतलेले हिंदी वाक्य डोळ्याला खटकत नाही, कानाला लगेच खटकते.

ही कसोटी मराठीपुरती ठेवली तर ती अर्धवट राहील. भिलाईच्या भोवती छत्तीसगढी बोलणारी असंख्य घरे आहेत आणि त्यांतील मुलांचे पहिले पुस्तक बहुधा हिंदीचे असते. लिपी तीच, शब्द पुष्कळ ओळखीचे आणि तरी कानातले वाक्य वेगळे. ज्या अडचणीची मराठी घर तक्रार करते ती तेथे शेजाऱ्याच्या मुलाची रोजची अवस्था आहे आणि त्याला ती शाळेतच भोगावी लागते. मराठीतही हा प्रश्न नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरातील आदिवासी मुलांसाठी काम केले, तेव्हा पुस्तकी मराठी आणि मुलाची बोली यांतले अंतर त्यांच्यापुढे होतेच. किमान पाचवीपर्यंत, शक्य तेथे, घरच्या भाषेतून शिकवावे असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते. परंतु धोरणाने भाषा ठरते, वाक्य ठरत नाही. घरच्या भाषेतही निर्जीव पुस्तक लिहिता येते.

निवड करणाऱ्याच्या हाती किती सत्ता असते, हेही या परिसराने पाहिले आहे. मुक्तिबोधांच्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पाठ्यपुस्तकावर १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. तो प्रसंग मोठ्या वर्गांच्या पुस्तकाचा आणि राजकारणाचा होता. पहिलीच्या वयात बंदी घालावी लागत नाही. न वाचवणारे पुस्तक हातात दिले की काम भागते. मूल तक्रार करीत नाही. पुस्तक मिटते, आणि मोठी माणसे मुलाला वाचनाची आवड नाही असा निष्कर्ष काढून मोकळी होतात.

सेक्टर २ मधल्या मराठी घरात आज आजी मराठी बोलते, आईवडील बोलतात, मूलही उत्तर देते. बोलणारी शेवटची पिढी आणि वाचणारी शेवटची पिढी एक नसतात. वाचणारी आधी संपते आणि घरात आवाज चालू असल्यामुळे ते कोणाच्या ध्यानात येत नाही. आजीचा आवाज घरात आहे तोवर वाचून दाखवायला माणूस आहे आणि कानाची तयारी आयती होते. पहिल्या पुस्तकाची निवड याच काळात करायची असते. निवडताना विषय, संस्कार, किंमत यांचा विचार अवश्य व्हावा. पण त्याआधी पुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचावे आणि ते वाक्य या घरात कोणी कधी बोलले असते का, एवढे पाहावे. उत्तर होय असेल तर त्यातली जोडाक्षरे, शीर्षबिंदू आणि 'ळ' मूल आपल्या बळावर पार करील.